‘एक्सप्लोररमध्येच उघडा’ या सूचनेची पार्श्वभूमी

आमच्या परभणीकडच्या एका ऑनलाइन सेवा केंद्रात बरीच वर्षं एक कम्प्युटर कोपऱ्यात वेगळा ठेवलेला होता. विंडोज ७, ‘जावा’ या प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती, अपडेट कायमचं बंद. डिजिटल सहीचा डोंगल लावून टेंडर भरायचं तर तोच लागे. बाकी कम्प्युटरवर साइट अडली की केंद्रातला पोरगा म्हणायचा, “ह्याच्यावर उघडंना गेलंय काका, कोपऱ्यातल्यावर बघू.” त्या कोपऱ्याचा इतिहास पाव शतकाहून जुना आहे. साइट ठरलेल्या नियमांप्रमाणे बनवायची, की सगळ्यात जास्त चालणाऱ्या ब्राउझरप्रमाणे (साइट उघडायच्या प्रोग्रॅमप्रमाणे), हा त्यातला वाद.

मराठवाड्यातल्या जुन्या लोकांना तो मनमाडवरून चटकन कळेल. निजामाच्या रेल्वेचा रूळ मीटरगेज, मुंबईकडचा ब्रॉडगेज. त्यामुळे मुंबईहून औरंगाबाद-परभणीला येणाऱ्याने ट्रंका-वळकट्या घेऊन मनमाडला गाडी बदलायची. दोन्ही रूळ आपापल्या जागी ठीकच होते. हाल व्हायचे ते प्रवाशाचे.

वेबवर अशी वेळ येऊ नये, म्हणून वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९४ मध्ये डब्ल्यूथ्रीसी ही संस्था काढली. पान कसं लिहायचं याचे नियम तिने ठरवायचे आणि ब्राउझर बनवणाऱ्यांनी ते पाळायचे, अशी अपेक्षा होती. त्याच वर्षी होकोन व्ह्यूम ली यांनी सीएसएसची, म्हणजे पानाचा मजकूर आणि त्याची सजावट वेगळी ठेवण्याची, कल्पना मांडली. पण नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांची स्पर्धा नियमांची वाट पाहणारी नव्हती. एकाने अक्षरं लुकलुकवली, दुसऱ्याने ती आडवी पळवली. आपल्याकडच्या सरकारी साइटींवर लाल अक्षरांत सरकत जाणाऱ्या सूचना ही त्या दुसऱ्याचीच देणगी.

मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर इंटरनेट एक्सप्लोरर विंडोजबरोबर फुकट येत होता. २००१ मध्ये त्याची सहावी आवृत्ती आली तोवर सामना संपल्यात जमा होता. नव्वद टक्क्यांहून जास्त लोक एक्सप्लोरर वापरू लागले, आणि सातवी आवृत्ती यायला २००६ चा ऑक्टोबर उजाडला. या पाच वर्षांत साइट बनवणाऱ्यांनी त्याच्याच खोडी अंगवळणी पाडून घेतल्या. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण गिऱ्हाइकाकडे तोच, नेट कॅफेत तोच, साहेबांच्या टेबलावरही तोच. मग दुसऱ्या ब्राउझरवर तपासण्याचे जादा पैसे कोण देणार?

इंग्रजी साइटींचं यात फार तर रूप बिघडे, मराठीची अक्षरंच पणाला लागली होती. तेव्हाचं मराठी टायपिंग डीटीपीच्या, म्हणजे छपाईसाठी बनवलेल्या, फॉन्टांवर चाले. पडद्यावर ‘क’ दिसे, पण कम्प्युटरच्या लेखी ते कुठलंतरी रोमन अक्षर किंवा चिन्ह असे. तो फॉन्ट वाचकाकडे नसला की सगळा मजकूर म्हणजे रोमन भुसा. पानाबरोबर फॉन्टही पाठवायची सोय सीएसएसच्या १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत होती. फॉन्टची फाइल कोणत्या प्रकारची असावी, हे मात्र त्यात ठरलं नव्हतं. मायक्रोसॉफ्टने आपला प्रकार काढला, नेटस्केपने वेगळाच उचलला. मराठी साइटींनी साहजिकच मायक्रोसॉफ्टचा धरला. ‘इंटरनेट एक्सप्लोररमध्येच उघडा’ ही ओळ तिथून आली आणि ती खरीच होती. दुसरीकडे वाचताच येत नसे.

यावरचा इलाज म्हणजे युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक, आणि त्यात देवनागरी १९९१ पासून होती. विंडोज २००० मध्ये ती चालू लागली, मंगल फॉन्टही आला. पण नंतरच्या विंडोज एक्सपीमध्ये ती नीट दिसायला सेटिंगमध्ये जाऊन एक खूण करावी लागे, आणि खूण केली की कम्प्युटर विंडोजची सीडी मागे. जिल्ह्याच्या गावातल्या नेट कॅफेत मूळ सीडी कुठून असणार! म्हणून नियमाने लिहिलेलं मराठी मोडकं दिसायचं आणि नियमाबाहेरचं सुबक. त्या काळातलं कितीतरी मराठी लिखाण आज सर्चमध्ये सापडत नाही, ते यामुळेच.

नियमांच्या बाजूनेही माणसं झटत होती. वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट हा डिझायनरांचा गट १९९८ पासून ब्राउझर कंपन्यांच्या मागे लागला होता. २००४ मध्ये फायरफॉक्स आला, २००८ मध्ये क्रोम. भारत सरकारच्या साइटींसाठी मार्गदर्शक तत्त्वं २००९ मध्ये निघाली. मे २०१२ मध्ये ब्राउझरांचा वापर मोजणाऱ्या स्टॅटकाउंटरच्या मोजणीत क्रोमने एक्सप्लोररला मागे टाकलं.

म्हणजे नियम जिंकले? मला तसं वाटत नाही. नवे प्रयोग ओळखू यावेत म्हणून त्यांच्या नावाआधी प्रत्येक ब्राउझरने आपला उपसर्ग लावायची पद्धत होती; ‘वेबकिट’ हा ॲपल आणि गूगलच्या ब्राउझरांचा. आयफोन आणि अँड्रॉइडच्या जोरावर लोक फक्त तोच लिहू लागले, आणि २०१६ मध्ये फायरफॉक्सलाही तो निमूटपणे ओळखावा लागला. पुढे मायक्रोसॉफ्टचा नवा ब्राउझर एज क्रोमच्याच इंजिनवर, म्हणजे पान पडद्यावर उमटवणाऱ्या आतल्या यंत्रणेवर, गेला. उलट एक्सप्लोररची सगळीच खोड वाईट नव्हती. चौकटीची रुंदी आतल्या मोकळ्या जागेसकट मोजायची त्याची जुनी रीत चूक मानली जाई. आज बहुतेक डिझायनर तीच मुद्दाम निवडतात. फरक एवढाच, की आता ती नियमांत लिहिलेली आहे, म्हणून कुठल्याही ब्राउझरवर चालते.

आणि गावाकडे तर सर्वात लोकप्रिय ब्राउझर कधी एकच नव्हता. शहरातले डिझायनर क्रोमवर साइट तपासत होते तेव्हा खेड्यात मोबाइलवर ऑपेरा मिनी आणि यूसी ब्राउझर चालत होते. २०१७ मध्ये जिओफोन आला, त्याच्यात तर फायरफॉक्सच्या घराण्यातलं जुनं इंजिन.

कोपऱ्यातला कम्प्युटर टिकला तो जावामुळे. टेंडरच्या साइटीला सहीसाठी जावाचं प्लगिन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, लागे. क्रोमने ते २०१५ मध्ये बंद केलं, फायरफॉक्सने २०१७ मध्ये, उरला एक्सप्लोरर. १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टने त्यालाही निवृत्त केलं, पण एजमध्ये त्याची एक खिडकी राखून ठेवली. साइटीचं नाव एजच्या सेटिंगमधल्या यादीत घातलं की ती जुन्या पद्धतीने उघडते. अशी नोंद ३० दिवसांनी आपोआप संपते आणि पुन्हा करावी लागते. केंद्रातल्या पोराने ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे, पीक विम्याच्या शेवटच्या तारखेखाली.