फ्रँक मिनिस जॉन्सन

(३० ऑक्टोबर १९१८ – २३ जुलै १९९९). अमेरिकेतील संघीय जिल्हा न्यायाधीश. १९५५ ते १९७९ या काळात अलाबामा राज्याच्या माँटगोमेरी शहरातील संघीय न्यायालयात त्यांनी काम केले. नावात ‘जिल्हा’ असला, तरी आपल्याकडच्या जिल्हा न्यायालयाशी याची गल्लत करू नये. हे केंद्राचे न्यायालय असून साक्षीपुरावे तिथेच प्रथम नोंदवले जातात. न्यायाधीशाला राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट (केंद्रीय विधिमंडळाचे वरिष्ठ सभागृह) मान्यता देते आणि नेमणूक तहहयात असते. अलाबामाचे स्वतःचे न्यायाधीश मात्र मते मागून निवडून येत. जॉन्सन यांची कारकीर्द समजून घ्यायला हा फरक महत्त्वाचा आहे.

त्यांचा जन्म उत्तर अलाबामातील डोंगराळ विन्स्टन काउंटीतला. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) संघातून फुटलेल्या आपल्याच बंडखोर राज्याला साथ द्यायचे या काउंटीने नाकारले होते. जॉन्सन यांनी अलाबामा विद्यापीठातून १९४३ मध्ये कायद्याची पदवी घेतली. तिथे त्यांचा सहाध्यायी होता जॉर्ज वॉलेस, वंशभेदाचा कैवार घेऊन पुढे राज्याचा गव्हर्नर झालेला. दुसऱ्या महायुद्धात जॉन्सन नॉर्मंडीत जखमी झाले. १९५३ मध्ये ते संघीय सरकारी वकील झाले आणि कृष्णवर्णीय मजुरांना वेठबिगारीत डांबणाऱ्यांना त्यांनी शिक्षा मिळवून दिली. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना न्यायाधीश नेमले तेव्हा ते ३६ वर्षांचे होते.

खुर्चीत बसून वर्ष होण्याआधीच माँटगोमेरीच्या बसगाड्यांचा दावा त्यांच्यापुढे आला. गोऱ्या प्रवाशासाठी आसन सोडायला नकार देणाऱ्या कृष्णवर्णीय रोझा पार्क्स यांच्या अटकेनंतर शहरात बसगाड्यांवर बहिष्कार चालू होता. जून १९५६ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोन विरुद्ध एक मताने बसमधील वंशभेद घटनाबाह्य ठरवला. रिचर्ड राइव्हज आणि जॉन्सन एका बाजूला होते. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. जॉन्सन यांच्या अंगणात धमकी म्हणून क्रूस जाळला गेला. १९६७ मध्ये त्यांच्या आईच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला. सुदैवाने तिला इजा झाली नाही.

त्यांना नागरी हक्क चळवळीचा न्यायाधीश म्हणणे मात्र बरोबर नाही. टस्कीगी शहराच्या हद्दी वाकड्यातिकड्या आखून कृष्णवर्णीय मतदार बाहेर काढले गेले, तेव्हा तो दावा त्यांनी फेटाळला होता. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. मार्च १९६५ मध्ये अलाबामातील सेल्मा येथे मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चेकऱ्यांवर पोलिसांच्या लाठ्या आणि अश्रुधूर चालला, तरी सुनावणी होईपर्यंत नवा मोर्चा काढू नये असा हुकूम त्यांनी दिला. १७ मार्चला मात्र परवानगी देताना त्यांनी मांडलेले तत्त्व आजही चर्चेत असते: निषेधाचा हक्क किती, हे सोसलेल्या अन्यायाच्या प्रमाणात ठरावे. तिथेही बारकावा सुटला नाही. रस्ता जिथे दोनपदरी होता, तिथे फक्त ३०० माणसे चालतील.

वॉलेसशी त्यांचे वैर १९५९ पासून जाहीर झाले. वॉलेस तेव्हा राज्याचा न्यायाधीश होता आणि मतदार नोंदणीची कागदपत्रे केंद्राच्या नागरी हक्क आयोगाला देणार नाही, अशी गर्जना करत होता. आतून त्याने ती मिळतील अशी सोय केली होती. जॉन्सन यांनी नेमके हेच निकालात लिहून त्याला बेअदबीच्या आरोपातून मोकळे केले. तुरुंगात जाऊन हुतात्मा व्हायची वॉलेसची संधीच हुकली! वॉलेसने पुढे त्यांना खोटारडा म्हणत निवडणुका गाजवल्या.

त्यांचे सर्वांत दूरगामी काम बहुधा १९७० नंतरचे आहे. टस्कालूसाच्या ब्राइस मनोरुग्णालयाच्या दाव्याची सुरुवात कर्मचारी कपातीपासून झाली. जॉन्सन यांनी मात्र प्रश्न रुग्णाचा केला. बरे करण्यासाठी म्हणून कोंडलेल्या माणसाला उपचारच मिळत नसतील, तर कोंडण्याला आधार काय? १९७२ च्या आदेशात त्यांनी कर्मचाऱ्यांपासून स्वच्छतागृहांपर्यंत किमान मानके घालून दिली. १९७६ मध्ये राज्यातल्या तुरुंगांनाही तसाच हुकूम गेला. न्यायालय कारभार हाती घेत आहे ही टीका अगदीच पोकळ नव्हती. पण विधिमंडळ वर्षानुवर्षे हलले नव्हते, हेही खरे.

१९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यांना एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेचे संचालकपद देऊ केले. प्रकृतीमुळे ते हुकले. १९७९ मध्ये ते संघीय अपील न्यायालयात न्यायाधीश म्हणून गेले. १९९५ मध्ये त्यांना राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मिळाले. माँटगोमेरीतच त्यांचे निधन झाले. ब्राइसचा दावा त्यानंतरही चालूच होता. तो २००३ मध्ये निकाली निघाला.