किंगडम हार्ट्स : चेन ऑफ मेमरीज

स्क्वेअर एनिक्स आणि ज्युपिटर या जपानी कंपन्यांनी निन्टेन्डोच्या गेम बॉय ॲडव्हान्स या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी तयार केलेला रोल-प्लेइंग व्हिडिओ गेम. दिग्दर्शक तेत्सुया नोमुरा. जपानमध्ये ११ नोव्हेंबर २००४ रोजी, अमेरिकेत त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आणि युरोपात मे २००५ मध्ये तो विक्रीला आला. ‘किंगडम हार्ट्स’ (२००२) आणि ‘किंगडम हार्ट्स २’ (२००५) या प्लेस्टेशन २ वरच्या दोन मोठ्या भागांमधली कथा यात येते. छोट्या पडद्यावरचा म्हणून पुष्कळांनी तो वगळला आणि दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच ते गोंधळले: कथेचा नायक सोरा झोपलेला का आहे, नामिने कोण, प्रवासाची नोंद ठेवणाऱ्या जिमिनीच्या वहीत तिचे आभार मानायची एकच ओळ का उरली आहे, या सगळ्याची उत्तरे इथेच मिळतात.

सोरा आणि त्याचे सोबती डोनाल्ड व गूफी कॅसल ऑब्लिव्हियन या किल्ल्यात शिरतात. एकेक मजला चढताना सोरा जुन्या आठवणी गमावत जातो आणि त्यांच्या जागी नामिने ही मुलगी ठसत जाते. मजल्यांवरची जगे त्याच्याच आठवणींतून उभी राहतात. त्यामुळे अग्राबा, मॉन्स्ट्रो, हॅलोवीन टाउन ही पहिल्या भागातली ठिकाणे पुन्हा येतात. यंत्राची मर्यादा कथेत इतकी सहज मुरवलेली क्वचितच दिसते. ऑर्गनायझेशन थर्टीन या खलनायकांच्या टोळीतले मार्लुक्सिया, लार्क्सीन, ॲक्सेल, व्हेक्सन ही मंडळीही इथेच पहिल्यांदा ठळकपणे समोर येतात.

लढाई पत्त्यांची आहे. वार, जादू, औषध, मित्राची मदत अशा प्रत्येक कृतीला ० ते ९ आकड्याचा एक पत्ता लागतो. समोरच्याच्या पत्त्यापेक्षा मोठा आकडा टाकला की त्याचा पत्ता फुटतो आणि वार अडतो. आकडे सारखे असले तर दोन्ही वार रद्द. शून्याचा पत्ता नंतर टाकला तर काहीही फोडतो, आधी टाकला तर कशानेही फुटतो. म्हणून शून्य हाताशी ठेवावे आणि बॉसने, म्हणजे टप्प्यावरच्या बड्या शत्रूने, मोठी चाल सुरू केली की लगेच वापरावे.

तीन पत्ते साठवून एकदम टाकले की तिन्ही आकड्यांची बेरीज धरली जाते आणि त्यांचा ठरावीक मेळ जुळला तर ‘स्लाइट’ नावाची विशेष चाल निघते. फायरचे तीन पत्ते म्हणजे फायरागा. पण साठवलेल्यांपैकी पहिला पत्ता त्या लढाईपुरता जातो. प्रत्येक वेळी स्लाइट मारत सुटणाऱ्याचा डेक, म्हणजे पत्त्यांची गड्डी, भराभर आटतो. संपलेला डेक पुन्हा भरायला बटण दाबून धरावे लागते, दर खेपेला हा वेळ वाढतो आणि तेवढ्यात मार बसतो. वाराचे पत्ते परत आणणारा पोशन हा औषधाचा पत्ता अशा वेळी कामी येतो.

प्रत्येक पत्त्याला सीपी (कार्ड पॉइंट्स) खर्च होतात आणि डेकची एकूण सीपी-मर्यादा ठरलेली असते. त्यात नवशिक्या सगळे पत्ते नऊ आकड्याचेच भरायला जातो. मोठे पत्ते महाग, म्हणून डेक लहान राहतो, वारंवार भरावा लागतो आणि शून्याला जागाच उरत नाही. मधले आकडे, स्लाइटसाठी सलग लावलेले त्रिकूट आणि शेवटाकडे एक-दोन शून्ये, ही मांडणी जास्त टिकते. प्रीमियम पत्त्याला सीपी कमी लागतात, पण तो लढाईत एकदा वापरला की डेक भरूनही परतत नाही. पातळी वाढल्यावर एचपी (प्राणशक्ती), सीपी आणि स्लाइट यांपैकी निवड करताना सुरुवातीला सीपीकडे झुकते माप द्यावे.

दारे उघडायलाही पत्तेच लागतात. दार ठरावीक आकडा किंवा रंग मागते. वापरलेल्या नकाशापत्त्यावर पुढच्या खोलीतले शत्रू, मूगल या छोट्या प्राण्याचे दुकान किंवा सेव्ह करायची जागा ठरते. शत्रूला खोलीतच आधी फटका मारून लढाई सुरू केली तर तो काही क्षण सुन्न राहतो.

सोराची कथा संपली की ‘रिव्हर्स/रिबर्थ’ खुले होते. यात सोराचा मित्र रिकू तळघरांतून वर येतो. त्याचा डेक प्रत्येक जगात ठरलेला असतो, त्यामुळे सोरासाठी उपयोगी पडलेली मांडणीची युक्ती इथे चालत नाही. वेळ साधणे हाच आधार.

त्रिमिती रूप आणि आवाज असलेली ‘री:चेन ऑफ मेमरीज’ ही प्लेस्टेशन २ वरची आवृत्ती जपानमध्ये २००७ मध्ये आणि अमेरिकेत २००८ मध्ये आली. पत्त्यांची पद्धत तिच्यातही कायम आहे.