क्लारा बॉग: राखीव झाली, तरी खचत राहिली

आयर्लंडच्या मध्यभागी ऑफली परगण्यात क्लारा नावाचं छोटं गाव आहे. त्याच्या दक्षिणेला क्लारा बॉग ही घुमटाकार दलदल पसरली आहे. अशा दलदली पश्चिम युरोपात बहुतेक सगळीकडे चर खणून, वाळवून, जाळून संपल्या. बऱ्यापैकी शाबूत उरलेल्या मोजक्या मोठ्या दलदलींत क्लाराची गणना होते. 1987 मध्ये तिचा साडेचारशे हेक्टरांहून जास्त भाग निसर्ग राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. त्यानंतरही ती खचत राहिली. असं का झालं, ते कळण्यासाठी इथल्या पाण्याची वाट शोधावी लागते.

सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी हिमनद्या मागे हटल्या, तेव्हा इथे उथळ तळं उरलं होतं. काठच्या लव्हाळ्यांनी ते हळूहळू भरत गेलं. पाण्याखाली ऑक्सिजन नसल्यानं मेलेल्या वनस्पती पुरत्या कुजल्या नाहीत आणि त्यांचा पीट साचत गेला. हा थर एवढा वाढला की वरच्या झाडोऱ्याचा भूजलाशी संबंधच तुटला. मग स्फॅग्नम शेवाळाचं राज्य सुरू झालं. हे शेवाळ केवळ पावसावर जगतं, स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी धरून ठेवतं आणि भोवतालचं पाणी आम्लधर्मी करतं. वर्षाला साधारण एक मिलिमीटर या गतीनं दलदल मधोमध वर उचलली गेली. काही ठिकाणी पीट दहा मीटरच्या आसपास खोल आहे, आणि त्यातही नव्वद टक्क्यांहून जास्त भाग पाण्याचाच.

इथे अन्नद्रव्यांचं कायमचं दुर्भिक्ष असतं, म्हणून जे टिकतं ते जगावेगळं असतं. दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती चिकट केसांनी माशा-चिलटं धरून नायट्रोजनची गरज भागवते. कासच्या पठारावर पावसाळ्यात दिसणारे दवबिंदू तिचेच भाऊबंद. जाती वेगळ्या, पण कारण तेच: मातीत काही नाही, तर हवेतून मिळवा. मे-जूनमध्ये कापूसगवताचे पांढरे झुबके डोलतात. त्याच्या एका जातीवर लार्ज हीथ या फुलपाखराच्या अळ्या वाढतात, म्हणून गवत सुकलं की फुलपाखरूही जातं. शेवाळाच्या उंचवट्यांवर हीदरची झुडपं, खाचांतल्या पाण्यात बेडूक, आणि कोरड्या कडेला ऊन खात पडलेला सरडा, जो आयर्लंडचा एकमेव मूळचा सरपटणारा प्राणी आहे. पाणलावा, चंडोल आणि मर्लिन हा छोटा ससाणा अशा उघड्या दलदलींवर वावरतात. कर्ल्यू हा पक्षी मात्र विणीसाठी आता आयर्लंडभरच दुर्मीळ झाला आहे.

क्लाराची खरी श्रीमंती तिच्या ‘सोक’मध्ये आहे. घुमटाच्या मधल्या काही जागी खनिजयुक्त पाणी पोहोचतं किंवा भोवतालचा प्रवाह एकवटतो. तिथे आम्लाचा जोर कमी होतो आणि एरवी इथे न रुजणारी झाडं, अगदी बर्चसुद्धा, उभी राहतात. शॅन्लीज लॉक ही अशीच जागा: एकेकाळचं तळं, आता तरंगत्या वनस्पतींनी झाकलेलं. आयर्लंडच्या बाकीच्या दलदलींतले सोक बहुतांशी नष्ट झाले, म्हणून शास्त्रज्ञ क्लाराला इतकं जपतात.

या पाण्याला पहिली मोठी वाट फुटली ती रस्त्यामुळे. अठराव्या शतकाच्या अखेरीस क्लाराहून राहनकडे जाणारा रस्ता थेट दलदलीतून काढला गेला. रस्ता कोरडा राहावा म्हणून दोन्ही बाजूंना चर खणले. पीटमधलं पाणी निघालं की पीट दबतो. रस्त्यालगतचा भाग कित्येक मीटर खाली बसला आणि एका घुमटाचे पूर्व-पश्चिम असे दोन झाले.

दुसरीकडे, कडेनं टर्फ, म्हणजे जाळण्यासाठीचा पीट, कापणं चालूच होतं. ‘स्लान’ या अरुंद फावड्यानं विटांसारखे तुकडे काढायचे, उन्हावाऱ्यात वाळवायचे आणि हिवाळाभर चुलीत घालायचे. गरिबाघरी दुसरं सरपण नव्हतं, तेव्हा या लोकांना दोष देणं मला पटत नाही. वेग वाढला तो सरकारी यंत्रणेमुळे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनचा कोळसा आटला आणि टर्फवर सारा देश अवलंबून राहिला. 1946 मध्ये ‘बोर्ड ना मोना’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली. पीटवर वीजकेंद्रं चालू लागली, त्यांतली काही याच ऑफलीत.

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी क्लाराच्या पूर्व भागात पोहोचली. पीट काढण्याआधी जमीन सुकवण्यासाठी तिथे समांतर चरांची जाळी खणली गेली. याच सुमारास विरोधही उभा राहिला. 1982 मध्ये आयरिश पीटलँड कॉन्झर्व्हेशन कौन्सिल ही दलदली वाचवण्यासाठीची संस्था स्थापन झाली. नेदरलँड्सचे पर्यावरणशास्त्रज्ञ मॅथाइस स्खाउटन यांनी आपल्या देशात निधी उभारण्यासाठी प्रतिष्ठान काढलं. डच लोकांनी स्वतःच्या दलदली जवळजवळ संपवल्या होत्या, म्हणून आयर्लंडच्या तरी वाचाव्यात ही त्यांची कळकळ अस्सल होती. त्यांनी काही आयरिश दलदली विकत घेऊन सरकारच्या हवाली केल्या. क्लाराची दलदल सरकारनं कंपनीकडून मिळवली, आणि 1988 मध्ये ती रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही, झाली.

पुढे डच आणि आयरिश शास्त्रज्ञांनी मिळून इथे अभ्यास सुरू केला. पूर्वेकडचे चर बांध घालून अडवले गेले. तरी पश्चिमेचा घुमट, ज्यावर यंत्र फिरलंच नव्हतं, तोच खचत असल्याचं मोजमापांतून दिसलं. कारण राखीव क्षेत्राच्या कडेला होतं. टर्फ कापलेल्या पट्ट्यांतले चर पीटखालच्या खनिज थरापर्यंत गेले होते. त्यामुळे खालच्या भूजलाचा दाब घटला आणि दलदलीचं पाणी तळातून झिरपू लागलं. स्फॅग्नम जिवंत राहायला पाणी पृष्ठभागापासून साधारण दहा सेंटिमीटरच्या आत लागतं, त्यामुळे थोडी घटही त्याला सोसत नाही. नकाशावर रेघ ओढताना या कडा बाहेर ठेवल्या, ही माझ्या मते सगळ्यांत महागडी चूक.

युरोपीय निसर्गकायद्याखालच्या दलदलींत टर्फ कापण्याची घरगुती सवलत 2010-11 च्या सुमारास संपली. हक्क सोडणाऱ्या कुटुंबांना वर्षाला 1,500 युरो, तेही पंधरा वर्षं, किंवा दुसऱ्या दलदलीत जागा, असा तोडगा निघाला. पिढीजात हक्क गेल्याची चीड अनेक गावांत होती आणि काही ठिकाणी बंदी झुगारून कापणी झाली. 2021 मध्ये बोर्ड ना मोनानंही पीट काढणं कायमचं थांबवलं. आयर्लंडमध्ये एकेकाळी तीन लाख हेक्टरांवर अशा दलदली होत्या. आज ज्यावर पीट खरोखर साचतो आहे, असं क्षेत्र दीड-दोन हजार हेक्टरच उरलं आहे. त्यातला एक मोलाचा तुकडा क्लाराच्या पश्चिमेला आहे आणि तो टिकायचा तर कडेचे चर अडवावेच लागतील.