कंडेन्सर किती वर्षं टिकतो?

इलेक्ट्रॉनिक्स शिकायचं ठरवलं की बहुतेक जण एखादं किट आणतात, एलईडी लुकलुकवतात आणि तिथेच अडकतात. मला विचाराल तर किटच्या जोडीला डेटाशीट, म्हणजे प्रत्येक भागाची कंपनीने दिलेली तांत्रिक माहिती, वाचायची सवय लावून घ्या. ती कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. एखादं उपकरण दोन वर्षांत का बंद पडतं, याचं उत्तर पुष्कळदा तिच्यातल्या एका ओळीत असतं.

विद्युतभार साठवून लागेल तसा सोडणाऱ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचंच बघा. दुरुस्तीवाले त्याला कंडेन्सर म्हणतात; पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तो काही रुपयांत मिळतो. साध्या प्रतीच्या कंडेन्सरचं आयुष्य असं दिलेलं असतं : १०५ अंश सेल्सिअसला २००० तास. म्हणजे जेमतेम ८३ दिवस! मग घरातला सेट-टॉप बॉक्स इतकी वर्षं चालतो कसा?

कंडेन्सरच्या डबीत ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये द्रावणात भिजवलेला कागद, अशी गुंडाळी असते. डबीचं तोंड रबरी बुचाने बंद केलेलं असतं, तरी त्यातून वाफ अगदी हळूहळू निसटत राहते. द्रावण आटलं की धारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) घटते आणि अंतर्गत रोध वाढतो. रोध वाढला की तोच प्रवाह जास्त उष्णता निर्माण करतो, आणि त्या उष्णतेने उरलेलं द्रावण आणखी वेगाने आटतं.

तापमान आणि रासायनिक क्रियेचा वेग यांचं नातं स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये सूत्रात मांडलं. त्यावरून अभियंते एक ढोबळ नियम वापरतात : तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. ९५ अंशांना ४००० तास, ८५ ला ८०००, ७५ ला १६,००० आणि ६५ ला ३२,०००. म्हणजे अखंड चालवूनही साडेतीन वर्षांहून जास्त. (हे दुपटीकरण कायम चालत नाही. रबरही म्हातारं होतं.) भाग तोच, किंमत तीच. फरक पडतो तो बोर्डावर त्याला कुठे बसवलं याने. तरीही जागा वाचवायला कंडेन्सर हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाला) खेटून बसवलेले बोर्ड सर्रास दिसतात. स्वस्त एलईडी बल्बमध्ये तर ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, बंदिस्त बुडात कोंडलेला असतो. एलईडी धडधाकट असूनही बल्ब जातो, तेव्हा पहिला संशय याच कंडेन्सरवर घ्यावा.

डेटाशीट आणखी एक गोष्ट सांगते. २००० तास संपले म्हणजे कंडेन्सर मेला असं नाही. तोवर धारकता साधारण २० टक्क्यांहून जास्त ढळणार नाही, एवढीच ती हमी असते. सर्किट आखतानाच त्या घटीची सोय ठेवली, तर उपकरण पुढेही चालतं. जिथे १२ व्होल्ट येतात तिथे १६ ऐवजी २५ व्होल्ट सोसणारा कंडेन्सर घालणं हा त्याच सावधपणाचा भाग, पण उष्णतेपुढे त्याचं महत्त्व कमी.

जिथे परवडतं तिथे द्रावण नसलेला, धातूचा पातळ थर दिलेल्या प्लास्टिकच्या पट्टीचा फिल्म कपॅसिटर वापरतात. तो आकाराने मोठा आणि महाग. छताच्या पंख्यात साधारण २.५ मायक्रोफॅरडचा असतो तो हाच. त्यातल्या प्लास्टिकला कुठे भोक पडलंच, तर भोकाभोवतीचा तो थर जळून जातो आणि तेवढी जागा वेगळी पडते. अशा प्रत्येक वेळी धारकता किंचित घटते. म्हणून पंखा एकदम बंद न पडता वर्षागणिक मंदावत जातो, आणि इलेक्ट्रिशियन मोटर उघडण्याआधी कंडेन्सर बदलून पाहतो.