वाचकाच्या वैतागाचं गणित

जो सगळ्यात जास्त पैसे मोजतो त्याचीच जाहिरात आपल्याला दिसते, असा बहुतेकांचा पक्का समज असतो. रेडिट किंवा क्वोरासारख्या चर्चेच्या ठिकाणांबद्दल तर हे गृहीतच धरलं जातं. एकीकडे विचारायला, सांगायला, भांडायला आलेली माणसं, दुसरीकडे पैसेवाला जाहिरातदार, आणि मधली कंपनी मोठी बोली येईल तिथे आपल्याला विकून मोकळी. एवढंच असतं तर ही ठिकाणं केव्हाच ओस पडली असती. जाहिरात निवडण्याचं खरं गणित वेगळं आहे आणि माझ्या मते ते अर्थशास्त्रातल्या सर्वांत देखण्या गणितांपैकी एक आहे. वाचकाचा वैताग त्यात चक्क आकडा म्हणून मांडता येतो. मात्र चर्चेच्या प्लॅटफॉर्मवर या गणिताला एक भोक पडतं. मला लिहायचंय ते त्या भोकाबद्दल, पण तिथवर पोचायला आधी लिलावातून जावं लागेल.

आपण पान उघडतो आणि ते पडद्यावर उमटेपर्यंतच्या क्षणभरात, जाहिरातीच्या रिकाम्या चौकोनासाठी लिलाव होऊन जातो. बोली लावणारी माणसं नसतात, त्यांनी आधीच सूचना देऊन ठेवलेली सॉफ्टवेअर असतात. सुरुवातीच्या काळात या लिलावाचा नियम साधा होता: जास्त बोलीवाला जिंकणार आणि बोललेली रक्कम भरणार. १९९८ साली ‘गोटू’ या सर्च कंपनीने (पुढे तिचं नाव ‘ओव्हर्चर’ झालं) असाच लिलाव सुरू केला आणि त्यातून एक विचित्र प्रकार घडू लागला. समजा, पहिल्या जागेसाठी दोन जाहिरातदारांची चुरस आहे. एक ४० सेंट बोलतो, दुसरा ४१, मग पहिला ४२. असं चढत चढत बोली ६० ला पोचते. तिथे एकाला वाटतं, एवढं देण्यापेक्षा दुसरी जागा १० सेंटला घेतलेली परवडली. तो खाली येतो. लगेच दुसऱ्याच्या लक्षात येतं की आता आपल्याला ११ सेंट पुरतात. तोही खाली येतो. मग पहिला १२ बोलतो आणि चढण पुन्हा सुरू. या बोलींचा आलेख काढला तर करवतीचे दात दिसतात. कुणाला ती जागा खरोखर कितीची वाटते, हे त्या आलेखावरून कधीच कळत नाही.

याचं उत्तर इंटरनेटच्या कितीतरी आधी सापडलेलं होतं. विल्यम विकरी या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली दाखवून दिलं, की जिंकणाऱ्याने स्वतःची बोली न भरता दुसऱ्या क्रमांकाची बोली भरायची असा नियम केला, तर खरी किंमत बोलण्यातच प्रत्येकाचा फायदा असतो. वरवर हे उलटं वाटतं. पण नीट पाहा: या नियमात तुमच्या बोलीवरून फक्त तुम्ही जिंकता की नाही एवढंच ठरतं, किती भरायचं ते दुसऱ्याच्या बोलीवरून ठरतं. वस्तू तुम्हाला १०० ची वाटत असेल आणि तुम्ही ८० बोललात, तर भरायची रक्कम काही कमी होत नाही. मात्र कुणी ९० बोललं तर हाती येणारी वस्तू निसटते. १२० बोललात आणि दुसरा ११० वर थांबला, तर १०० च्या वस्तूला ११० मोजावे लागतात. दोन्हीकडून तोटाच. विकरींना १९९६ साली नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसांनी ते वारले.

जागा एकच असेल तर हे गणित चोख चालतं. जागा अनेक असल्या की थोडी दुरुस्ती लागते. एडवर्ड क्लार्क आणि थिओडोर ग्रोव्ह्ज यांनी सत्तरच्या दशकात हाच विचार व्यापक करून मांडला: तुमच्या असण्यामुळे इतरांचं जेवढं नुकसान होतं, तेवढी तुमची किंमत. हे वाक्य सावकाश पुन्हा वाचा, कारण पुढचं सगळं त्यातल्या ‘इतरांचं’ या शब्दावर उभं आहे. हे इतर कोण? बोली लावणारे बाकीचे जाहिरातदार, हे तर झालंच. पण ज्याच्या डोळ्यांसमोर जाहिरात येते तो वाचकही ‘इतर’च आहे, आणि त्याला लिलावात बोलायला कुणी बोलावलेलं नाही. मग त्याच्या वतीने प्लॅटफॉर्मनेच बोली लावायची.

एक उदाहरण करून पाहू. ‘अ’ची बोली दर क्लिकला ५ डॉलर, आणि त्याच्या जाहिरातीवर १०० पैकी एक जण क्लिक करतो. म्हणजे जाहिरात हजार वेळा दाखवली तर १० क्लिक, मूल्य ५० डॉलर. ‘ब’ची बोली फक्त २ डॉलर, पण मथळा भडक असल्याने १०० पैकी चौघं क्लिक करतात. हजारामागे ४० क्लिक, मूल्य ८० डॉलर. बोली लहान असूनही ‘ब’ जिंकला! जास्त पैसे मोजणारा वर, हा समज इथेच कोलमडतो. ‘अ’च्या ५० ला गाठायला ‘ब’ला दर क्लिकला सव्वा डॉलर पुरतो, म्हणून तो तेवढाच भरतो. प्लॅटफॉर्मच्या हाती ५० डॉलर.

आता वैताग धरा. भडक मथळ्यामागे माल फसवा आहे, क्लिक करणारे चिडून परत येतात. या चिडण्याची किंमत हजारामागे ४० डॉलर धरू, आणि ‘अ’च्या साध्या जाहिरातीची ५ डॉलर. ती वजा केल्यावर ‘ब’कडे उरले ४०, ‘अ’कडे ४५. आता ‘अ’ जिंकला. ४० ची बरोबरी करायला त्याला वैतागाचे ५ धरून ४५ डॉलर लागतात, म्हणजे दर क्लिकला साडेचार. प्लॅटफॉर्मने आज ५ डॉलर सोडले, आणि बदल्यात वाचकाचा ३५ डॉलरचा वैताग वाचवला. वजाबाकी करून सगळ्यांचं मूल्य शून्याखाली गेलं, तर तो चौकोन कुणालाच न देता तिथे एखादी साधी पोस्ट दाखवणंच फायद्याचं ठरतं. हे निव्वळ कागदी गणित नाही. बोली गुणिले क्लिकची शक्यता ही क्रमवारी गूगलने २००२ मध्येच आणली. फेसबुक तर आपलं सूत्र उघड सांगतं: बोली गुणिले अपेक्षित प्रतिसाद, अधिक जाहिरातीचा दर्जा. जाहिरात लपवणाऱ्यांच्या आणि तक्रार करणाऱ्यांच्या प्रतिक्रिया त्या ‘दर्जा’त जमा होतात.

कोण कशावर क्लिक करेल याची शक्यता प्लॅटफॉर्म आपल्या वागण्यावरून काढतो, आणि त्यावरूनच एका अंधश्रद्धेबद्दल बोलायला हवं. ‘मी फक्त बोललो आणि लगेच त्याचीच जाहिरात आली, फोन चोरून ऐकतो’ असं शिकलेली माणसंही छातीठोकपणे सांगतात. नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये १७ हजारांहून अधिक अँड्रॉइड ॲप तपासली. मायक्रोफोन गुपचूप चालू करून आवाज पाठवणारं एकही सापडलं नाही; काही ॲप पडद्याचं चित्रण मात्र करत होती, आणि काळजी त्याची करायला हवी. तसंही चर्चेच्या ठिकाणी ऐकण्याची गरजच काय? पाठदुखीवरचा धागा आपण अर्धा तास वाचत बसलो, यातच सगळं आलं.

आता अवघड प्रश्न. वैतागाची किंमत ४०, असं आपण धरलं. पण हा आकडा आणायचा कुठून? जाहिरातीचा पैसा त्याच क्षणी दिसतो. वैताग साचत जातो आणि माणूस महिन्यांनंतर, काही न बोलता, यायचा थांबतो. पँडोरा या संगीतसेवेने २०१४ पासून २१ महिने एक प्रयोग केला. सुमारे साडेतीन कोटी श्रोत्यांचे गट पाडून प्रत्येक गटाला तासाला कमी-जास्त जाहिराती ऐकवल्या. जास्त जाहिराती ऐकणारे हळूहळू कमी ऐकू लागले, काहींनी पैसे भरून जाहिरातमुक्त सेवा घेतली. पण खरा धडा वेळेचा होता: परिणाम वर्षभर वाढतच राहिला. प्रयोग महिनाभरात आटोपला असता, तर नुकसान प्रत्यक्षापेक्षा फारच लहान दिसलं असतं. गूगलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ‘जाहिरात-आंधळेपणा’ मोजला. एका गटाला काही काळ जास्त जाहिराती दाखवायच्या, मग दोन्ही गटांना अगदी सारख्या, आणि तरीही पहिला गट कमी क्लिक करतो का ते पाहायचं. जो फरक उरतो, ती माणसाला लागलेली न पाहण्याची सवय. याच कामाच्या आधारे कंपनीने मोबाइलवरच्या सर्चमधल्या जाहिरातींचं प्रमाण निम्म्यावर आणलं, तेही स्वतःच्या दूरच्या फायद्यासाठी.

इथवर सगळं छान जमतं. चर्चेच्या प्लॅटफॉर्मवर मात्र इथेच घोडं पेंड खातं. संगीतसेवेत एका श्रोत्याने ऐकणं सोडलं तर दुसऱ्याचं गाणं थांबत नाही. चर्चेत थांबतं. इथला माल कंपनी बनवतच नाही, येणाऱ्यांपैकी मूठभर माणसं तो फुकट लिहितात आणि उरलेले वाचतात. समजा, कंपनीने सगळ्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले आणि दुसऱ्या गटाला दुप्पट जाहिराती दाखवल्या. त्या गटातली उत्तरं देणारी काही माणसं कंटाळून गेली. आता पहिल्या गटातल्या माणसाने विचारलेला प्रश्नही अनुत्तरित राहतो, कारण त्याचं उत्तर देणारा दुसऱ्या गटात होता! दोन्ही गटांचं येणं सारखंच घटतं. प्रयोगाची सगळी भिस्त तर दोन गटांमधल्या फरकावर. फरक शून्याच्या आसपास येतो, अहवालात ‘वापरावर परिणाम नाही’ असं नोंदलं जातं, आणि दुसऱ्या गटाचं उत्पन्न वाढलेलं दिसतंच. मग दुप्पट जाहिराती सगळ्यांना लागू होतात. संख्याशास्त्रात याला हस्तक्षेप म्हणतात: एका गटाला दिलेला उपचार दुसऱ्या गटात झिरपतो आणि तुलना बिघडते.

यावर उपाय म्हणजे गट माणसांचे न पाडता अख्ख्या समुदायांचे पाडायचे. खगोलशास्त्राचा समुदाय इकडे, बागकामाचा तिकडे. तत्त्व बरोबर आहे, पण कोट्यवधी माणसांऐवजी हाती काही हजार समुदाय उरतात आणि त्यांच्यात मुळातच जमीन-अस्मानाचा फरक असतो. एखादी स्पर्धा सुरू झाली की क्रीडा समुदायाची गर्दी कैक पटींनी उसळते, आणि त्या उसळीत दोन टक्क्यांचा वैताग शोधायचा असतो. शिवाय एकच माणूस दहा समुदायांत वावरतो, त्यामुळे झिरपणं पुरतं थांबत नाहीच. आणि हे सगळं पँडोराइतकंच दीर्घ चालवायला हवं. तिमाही निकालांच्या तालावर चालणाऱ्या कंपनीकडून एवढा धीर धरला जाणं कठीण.

मोजता न आलेली किंमत नंतर एकदम वसूल होते. सदस्यांनी सुचवलेल्या बातम्यांवर चालणाऱ्या ‘डिग’ या साइटने ऑगस्ट २०१० मध्ये नवी रचना आणली, प्रकाशकांच्या मजकुराला मुक्तद्वार दिलं आणि सदस्यांची पकड सैल केली. सदस्य झुंडीने रेडिटकडे गेले. त्याच रेडिटने २०२३ मध्ये रेडिट वाचण्यासाठी इतरांनी बनवलेल्या बाहेरच्या ॲपना, मजकूर मागवण्याच्या हजार विनंत्यांमागे २४ सेंट आकारायचं ठरवलं. त्या ॲपमध्ये रेडिटच्या जाहिराती दिसत नसत, म्हणजे कंपनीच्या वहीत ते वापरणारे निव्वळ खर्च होते. पण समुदायांची शिस्त सांभाळत बिनपगारी राबणाऱ्या मॉडरेटरांपैकी अनेकांची कामं त्याच ॲपवर चालत. १२ जूनला हजारो समुदायांनी दारं बंद केली. वर्षाला सुमारे २ कोटी डॉलरचा भार पेलणार नाही असं सांगून त्या बाहेरच्या ॲपपैकी ‘अपोलो’ ३० जूनला बंद झालं. रेडिट काही कोसळलं नाही. मार्च २०२४ मध्ये ते शेअर बाजारातही उतरलं. पण त्या निर्णयाने किती जाणकारांचा लिहिता हात थांबला, हे एकूण गर्दीच्या आकड्यावरून कळणार नाही. वाचणारा आणि लिहिणारा त्यात सारखाच एक धरला जातो.

लिहिणाऱ्याला वेगळं वजन देणारी एक पद्धत मला फार आवडते. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर उत्तरांना पसंती मिळाली की गुण मिळतात, आणि २०० गुण झाले की काही जाहिराती आपोआप बंद होतात. लिलावाच्या भाषेत सांगायचं तर, या माणसाच्या वैतागाची किंमत इतकी मोठी धरली की त्या जाहिराती लिलावाबाहेरच गेल्या. अर्थात १९९ गुणांच्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही, आणि आज पहिल्यांदाच उत्तर लिहू पाहणाऱ्याला तर पूर्ण मारा सोसावा लागतो. उद्याचा चांगला उत्तरकर्ता नेमका त्याच गर्दीत असतो. त्याच्या नुसत्या वाचण्याच्या सवयींवरून तो पुढे लिहिता होईल का, याची शक्यता क्लिकच्या शक्यतेसारखीच मॉडेलला काढता येईल आणि तिच्या प्रमाणात वैतागाची किंमत चढवता येईल. लिलावाच्या सूत्रात त्यासाठी जागा आहे, फक्त तिथे तो आकडा भरायला हवा.