टॅगची फाइल पाठवण्याआधी एवढं वाचा

डेटाबेसमधले टॅग, म्हणजे नोंदींना लावलेली लेबलं, आम्ही साफ करून देतो. त्याच्या बिलात 'सफाई' आणि 'डुप्लिकेट काढणे' अशा दोन ओळी कशाला, हा प्रश्न वागळे इस्टेटपासून तुर्भ्यापर्यंत सगळीकडून येतो. कारण सांगतो. पोस्टग्रेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर अक्षर न् अक्षर जुळलं तरच डुप्लिकेट मानतं. 'माजिवडा' आणि शेवटी एक स्पेस राहिलेला 'माजिवडा ' हे त्याच्या लेखी दोन वेगळे टॅग.

बहुतेक जण आधी डिस्टिंक्ट (डुप्लिकेट काढणारं) चालवतात आणि ट्रिम (टोकाच्या स्पेस कापणारं) नंतर. ट्रिम झाल्यावर तेच दोघे एकसारखे होऊन ॲरेत, म्हणजे एकाच रकान्यातल्या यादीत, पुन्हा जोडीने बसतात, आणि सगळं काम परत. बरोबर क्रम असा: अननेस्टने टॅग सुटे करा, ट्रिम करा, मगच ॲरे-ॲगमध्ये (सुटे टॅग परत यादीत गोळा करणारं फंक्शन) डिस्टिंक्ट आणि ऑर्डर बाय (क्रम लावणारं) लावा. डिस्टिंक्टला ट्रिम केलेलं दिलंत तर ऑर्डर बायलाही तेच द्या, नाहीतर एरर येईल. साधं ट्रिम फक्त स्पेस काढतं. एक्सेलमधून आलेला टॅब किंवा नवी ओळ तशीच राहते. ॲरे रिकामा असेल तर ॲरे-ॲग नल, म्हणजे 'काहीच नाही', परत देतं, म्हणून नलच्या जागी रिकामा ॲरे ठेवणारं कोॲलेस विसरू नका.

मराठी टॅगची गोम आणखी वेगळी. 'दुसऱ्या मजल्यावर' यातला ऱ्या काही कीबोर्ड 'ऱ' वापरून लिहितात, तर काही साधा 'र', हलन्त आणि न दिसणारं झेडडब्ल्यूजे (झिरो-विड्थ जॉइनर) हे जोडचिन्ह घालून. स्क्रीनवर दोन्ही सारखेच. एकच अक्षर लिहिण्याच्या वेगळ्या पद्धती एकसारख्या करणारं, पोस्टग्रेस 13 पासून असलेलं नॉर्मलाइज फंक्शनही हे जुळवत नाही. रिप्लेसनेच बदलावं लागतं. बिलातली 'सफाई' ती हीच.

पोस्टग्रेस 18 मध्ये ॲरे-सॉर्ट आलंय, पण ते फक्त क्रम लावतं, डुप्लिकेट काढत नाही. इंटॲरे या पोस्टग्रेसच्या एक्स्टेन्शनमधलं डुप्लिकेट काढणारं युनिक फक्त पूर्णांकांसाठी आहे, मजकुरावर चालत नाही. आणि मजकूर म्हणून सॉर्ट केलं की '10' हा '9' च्या आधी येतो, ती चूक नव्हे.

ॲरेतला पहिला मोबाइल नंबर मुख्य धरत असाल तर आधी सांगा. सॉर्ट केल्यावर तो कुठला होता ते कळणार नाही. अशा कॉलमला आम्ही मूळ क्रम राखूनच डुप्लिकेट काढतो. अपडेट करतानाही ज्या ओळी खरंच बदलतात त्यांनाच हात लावतो, म्हणजे टेबल विनाकारण फुगत नाही.

शंभर ओळींचा नमुना पाठवा, लपलेल्या जोड्या मोफत दाखवतो. डेटाबेसचा पासवर्ड मात्र व्हॉट्सॲपवर टाकू नका.