बंदी डेडलिफ्टवर हवी की आपटण्यावर?

अनेक जिमच्या भिंतीवर एकच फलक असतो: डेडलिफ्ट, क्लीन आणि स्नॅच करू नये. डेडलिफ्ट म्हणजे वजनाचा बार जमिनीवरून मांड्यांपर्यंत उचलून ताठ उभं राहणं, क्लीन म्हणजे तो खांद्यांपर्यंत आणणं, आणि स्नॅच म्हणजे एका दमात थेट डोक्यावर नेणं. जिम चालवणाऱ्याची अडचण खरी असते. फरशी तडकते, बार वाकतो, खालच्या मजल्यावरून तक्रारी येतात. पण हे तीन व्यायाम एकाच रांगेत बसणारे नाहीत, आणि साधी आकडेमोड केली तरी ते दिसतं.

डेडलिफ्टमध्ये १४० किलोचा बार जमिनीपासून साधारण अर्धा मीटर वर जातो. तिथून हात सोडले तर तो सेकंदाला ३.१ मीटर वेगाने खाली येतो आणि सुमारे ६८६ ज्यूल ऊर्जा जमिनीत ओततो. ती किती अंतरात जिरते यावर सगळं अवलंबून आहे. काँक्रीटवर पातळ मॅट असेल आणि बार ५ मिलिमीटरमध्ये थांबला, तर सरासरी बल १४ टन वजनाइतकं होतं. रबरी बंपर प्लेट आणि जाड रबर मिळून २५ मिलिमीटर दबले, तर तेच बल तीन टनांच्या आत येतं. बिडाच्या प्लेट फुटतात, बारची टोकं फिरती ठेवणारे बुश खिळखिळे होतात, ते या फरकामुळे.

आवाजाचं गणित आणखी वेगळं आहे. पातळ मॅट लोखंडाचा कर्कश खणखणाट कमी करते, पण धप्प आवाजाचं तिला काही करता येत नाही. त्या धक्क्याने स्लॅबच थरथरतो आणि कंपनं खांबांतून खाली उतरतात. म्हणून जिममध्ये फारसं न जाणवणारं आपटणं खालच्या खोलीत मात्र छातीत बसतं.

आता तोच बार हातात धरून खाली आणा आणि जमिनीला टेकताना वेग सेकंदाला अर्धा मीटर ठेवा. ऊर्जा उरते १७.५ ज्यूल, म्हणजे आधीच्या चाळिसाव्या हिश्श्याच्या आसपास. व्यायाम तोच, वजन तेच. उतरवण्याची पद्धत अशी: आधी कंबर मागे ढकला, बार मांड्यांना घासत येऊ द्या, तो गुडघ्यांखाली गेल्यावरच गुडघे वाकवा, आणि प्लेट टेकेपर्यंत पकड सोडू नका. बहुतेक जण गुडघे आधी वाकवतात. मग बारला वाट करून द्यायला तो पुढे ढकलावा लागतो, आणि इथेच पाठ फसते. १०० किलोचा बार १० सेंटिमीटर पुढे गेला, तर कण्यावर ९८ न्यूटन-मीटरचं जास्तीचं आघूर्ण, म्हणजे वाकवणारा जोर, येतं. पाठीच्या स्नायूंना मिळणारी तरफ जेमतेम ५-६ सेंटिमीटरची, त्यामुळे त्यांना आणखी दीड-दोनशे किलोंइतकी ओढ लावावी लागते. जे वजन शिस्तीत उतरवता येत नाही, ते अशा जिममध्ये उचलायचंच नाही, हा नियम मला रास्त वाटतो.

स्नॅच आणि क्लीन अँड जर्क (क्लीन करून बार खांद्यांवरून डोक्यावर नेणं) यांची गोष्ट निराळी. डोक्यावरचा १०० किलोचा बार दोन मीटरवरून सुटला तर १९६० ज्यूल घेऊन येतो. जड वजन असं हळूहळू उतरवता येत नाही, आणि फसलेला स्नॅच पुढे किंवा मागे टाकून देणं हीच सुरक्षित सुटका असते. त्यासाठी प्लायवूडच्या थरांवर जाड रबर बसवलेला प्लॅटफॉर्म आणि भोवती मोकळी जागा लागते. स्पर्धेतला प्लॅटफॉर्म चार मीटर लांब आणि चार मीटर रुंद असतो, तो उगाच नाही. एवढी जागा नसेल तर या दोन व्यायामांना मनाई बरोबरच आहे.

नियमांनीच धोका वाढवल्याची उदाहरणंही आहेत. खडू पावडरवर सरसकट बंदी असते, कारण साफसफाई वाढते. पण घामट तळव्यातून बार निसटतो, आणि निसटलेला बार आपटतोच. तळहातावर वाळणारा द्रवरूप खडू किंवा मनगटाला अडकवून बारभोवती गुंडाळायचे स्ट्रॅप चालू द्यावेत. प्लेटच्या आकाराचंही तसंच. प्रमाण प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर, म्हणजे बार जमिनीपासून २२.५ सेंटिमीटरवर. मोठ्या प्लेट काढून टाकल्या की लोक लहान लोखंडी प्लेटवरच भागवतात, बार आणखी खाली जातो आणि ताठ कण्याने तिथवर पोचणं अनेकांना जमत नाही. लहान प्लेटखाली दोन्ही बाजूंना सारख्या उंचीचे लाकडी ठोकळे ठेवले की प्रश्न मिटतो.

नियमाने आख्खा व्यायामच संपवल्याचं सर्वात ठळक उदाहरण ऑलिंपिकमधलं. १९७२ नंतर तिथल्या वेटलिफ्टिंगमधला प्रेस, म्हणजे बार खांद्यांवरून फक्त हातांच्या जोरावर डोक्यावर नेण्याचा प्रकार, वगळला गेला. स्पर्धक इतके मागे झुकू लागले होते की योग्य काय, अयोग्य काय, हे पंचांना ठरवता येईना. पाठीच्या दुखापतींची काळजीही होतीच.

जिथे मनाई कायम आहे तिथे स्मिथ मशीनवर डेडलिफ्टची नक्कल करू नका. बार ठरलेल्या रुळावरच सरकतो, तुमच्या पायांच्या रेषेशी जुळवून घेत नाही. त्यापेक्षा रोमानियन डेडलिफ्ट करा: बार रॅकवर मांडीच्या मध्याच्या उंचीला ठेवा, तिथून उचलून रॅकच्या आतच दोन छोटी पावलं मागे या, नडगीच्या मध्यापर्यंत तीन सेकंदांत उतरा आणि परत वर या. बार जमिनीला लागतच नाही. रॅकच्या आडव्या सळ्या सर्वात खालच्या टप्प्याच्या एक खाच खाली लावून ठेवा, म्हणजे पकड सुटली तरी बार तिथेच अडेल.